नांव आणि नट

भंडारा जिल्ह्यांत धानाची कापणी-मळणी आटोपली, घरांत दाणा येऊन पडला, म्हणजे नाटकांचे दिवस येतात. दिवाळीनंतर कोठें मंडई असते, कोठें शंकरपट असतो. त्या निमित्तानें गांवाबाहेरच्या मोकळ्या शेतांत मंडप उभा राहतो आणि रात्रीं सुरू झालेलें नाटक उजाडेपर्यंत चालतें. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या बाजूच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, आणि तेथील रंगभूमीलाही तेंच नांव मिळालें आहे. शहरांतून ओसरलेली नाट्यपदांची हौस तेथें अद्याप टिकून आहे. या नाटकांच्या जाहिरातींत नटनटींचीं नांवें ठळक असतात. कारण शेजारच्या गांवांहून येणाऱ्या प्रेक्षकाला आज नाटक कोणतें, यापेक्षां आज रंगभूमीवर कोण उभें राहणार, हें आधीं हवें असतें.

नटाचें नांव नाटकाहून मोठें होण्याची ही रीत मराठी रंगभूमीवर कशी रुजली, याचा माग काढीत गेलें तर तो झाडीपट्टींतून निघून पुण्या-मुंबईकडे आणि मुख्यत्वें एकाच पुरुषाकडे जातो. नारायण श्रीपाद राजहंस हें त्याचें नांव. पण या नांवानें त्याला फार थोड्यांनीं ओळखलें. महाराष्ट्राला तो बालगंधर्व म्हणूनच ठाऊक झाला.

कीर्तिमान नट त्याच्या पूर्वीं झाले नव्हते असें नाहीं. किर्लोस्कर मंडळींतील भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यानें एक पिढी वेडी करून सोडली होती. परंतु भाऊराव १९०१ सालीं वारले आणि त्यांचा आवाज त्यांच्याबरोबरच गेला. म्हाताऱ्यांनीं सांगावें आणि तरुणांनीं ऐकावें, एवढाच त्या कीर्तीचा पुढला प्रवास. नारायणरावांच्या काळीं छायाचित्र, ग्रामोफोनची तबकडी, वर्तमानपत्र आणि आगगाडी हीं चारही साधनें एकाच वेळीं हाताशीं आलीं. ज्यानें नाटकगृहाचा उंबरठा कधीं ओलांडला नाहीं, त्याच्याही माजघरांत बालगंधर्वांचें गाणें शिरलें.

नारायणरावांचा जन्म जून १८८८ चा. दहा वर्षांचें हें पोर पुण्यास गायलें, तें लोकमान्य टिळकांनीं ऐकलें आणि कौतुकानें त्यास बालगंधर्व म्हटलें, असें सांगतात. उद्गार सहज निघालेला. पण उद्गार काढणारा पुरुष सामान्य नव्हता. त्या एका शब्दांत संगीत होतें, पुराण होतें, आणि शिवाय लोकमान्यांचा पाठीवर पडलेला हात होता. जाहिरात करणाऱ्यास आणखी काय हवें? त्यांत एक मेख मात्र होती, व ती त्या वेळीं कोणाच्या ध्यानीं आली नसावी. 'बाल' हें विशेषण वयाचें आहे. माणसाचें वय वाढत जातें. त्याला चिकटलेलें विशेषण आहे तेथेंच राहतें.

१९०५ सालीं नारायणराव किर्लोस्कर नाटक मंडळींत दाखल झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें पाठबळ त्यांना होतें. भास्करबुवा बखल्यांसारखा गुरु लाभला, आणि भाऊरावांच्या मागें ओस पडलेली नायिकेची जागा या तरुणानें भरून काढली. मंडळीची जुनी पुण्याई त्यांना मिळाली, आणि त्यांच्यामुळें मंडळीला नवी.

१२ मार्च १९११ ही तारीख या चरित्रांत वारंवार सांगितली जाते. त्या दिवशीं मुंबईस कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'संगीत मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि भामिनीची भूमिका नारायणरावांची. त्याच दिवशीं त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढें ढकलावा असें जवळच्या मंडळींना वाटलें. परंतु नारायणराव रंगून उभे राहिले, पदें झालीं आणि नाटक गाजलें. ही हकीकत आजवर कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून सांगण्यांत आली आहे, आणि ती तशी आहेही. पण तिची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. त्या रात्रीं नाटकगृहांत जमलेल्या शेंकडों लोकांना भामिनी हवी होती. नारायण राजहंस नांवाच्या बापाला तेथें जागा नव्हती. प्रेक्षकांना ते मायबाप म्हणत, अन्नदाते म्हणत, आणि तें निव्वळ तोंडदेखलें नव्हतें. त्या अन्नदात्यांचा हक्क त्यांनीं स्वतःच्या दुःखाच्याही आधीं मानला. घरीं पत्नी लक्ष्मीबाई होत्या. त्यांची ती रात्र कशी गेली, हें ही गोष्ट सांगणारे फारसें सांगत नाहींत.

१९१३ सालीं नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनीं किर्लोस्कर मंडळी सोडून स्वतंत्र संस्था काढली व तिचें नांव गंधर्व नाटक मंडळी ठेवलें. किर्लोस्कर हें संस्थापकाचें आडनांव होतें. येथें तिघे भागीदार असतां एकाच्या पदवीवरून संस्थेचें बारसें झालें, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें तें बरोबरही होतें, कारण तिकीट खपत होतें तें त्याच नांवावर. पुढें टेंबे गेले, बोडसही गेले. मंडळी एकट्या नारायणरावांची झाली. नफ्याचीही आणि तोट्याचीही.

'स्वयंवर' (१९१६) नाटकांतील रुक्मिणीनें या कीर्तीचा कळस गांठला. एकेका पदाला 'वन्स मोअर' मिळे, आणि नाटक पहांटेपर्यंत लांबे. 'एकच प्याला' या नाटकाची गोष्ट तर या दृष्टीनें फारच बोलकी आहे. राम गणेश गडकरी हें नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वींच, जानेवारी १९१९ मध्यें, नागपुराजवळ सावनेर येथें वारले. पदें विठ्ठल सीताराम गुर्जरांनीं रचलीं. त्याच सालीं गंधर्व मंडळीनें नाटक उभें केलें आणि सिंधूच्या रूपानें बालगंधर्वांनीं प्रेक्षकांना रडविलें. नाटककार जगांत नाहीं, पदें रचणारा पडद्याआड. लोकांच्या ओठीं नांव राहिलें तें सिंधूचें, म्हणजे पर्यायानें नटाचें.

त्या काळीं प्रतिष्ठित घरांतील स्त्री रंगभूमीवर येत नसे. तेव्हां स्त्रीनें कसें दिसावें, कसें चालावें, लाजावें तरी कसें, याचा नमुना सुशिक्षित घरांतल्या लेकीसुना एका पुरुषाकडे पाहून ठरवूं लागल्या. नऊवारी नेसण्याची त्यांची ढब, अंबाड्याची व गजऱ्याची तऱ्हा, दागिन्यांची निवड, हें सारें हुबेहूब उचललें गेलें. पुरुषांसाठीं गंधर्व टोपी निघाली. साबण, टॉनिक अशा वस्तूंच्या जाहिरातींवर त्यांची स्त्रीवेषांतील तसबीर झळकली. आज चित्रपटांतल्या वा गाण्यांतल्या तारकांचीं नांवें अत्तरांना आणि कपड्यांना मिळतात, त्याचें नवल वाटावयाचें कारण नाहीं. मराठी बाजारपेठेला ही विद्या शंभर वर्षांपूर्वींच अवगत झाली होती. पदवीसुद्धां चलनी नाण्यासारखी फिरूं लागली. रामभाऊ कुंदगोळकर हे सवाई गंधर्व झाले, सौदागर गोरे छोटा गंधर्व झाले, आणि शिवपुत्र कोमकळींचें कुमार गंधर्व हें नांव तर मूळ नांवाला पुरतें झांकून बसलें. हे सर्व आपापल्या परीनें थोरच. तरी कोणाचीही थोरवी मोजावयाची तर माप 'गंधर्व' हेंच, हें ठरून गेलें.

नांवाला एकदां मोल आलें म्हणजे तें राखण्याचा खर्चही येतो. गंधर्व मंडळीचें नाटक म्हणजे खोट्याला तेथें थारा नाहीं, अशी लोकांची समजूत, आणि नारायणरावांचाही तोच हट्ट. शालू खरा, अत्तर खरें, साथीला अहमदजान थिरकवांसारखा तबलजी. १९२० सालच्या 'द्रौपदी' नाटकांत मयसभा उभी करण्यासाठीं पैसा पाण्यासारखा ओतला. हिशेब पाहणें हा त्यांचा धर्म नव्हता, आणि नाहीं म्हणणेंही नव्हतें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. मंडळी कर्जांत बुडाली. गंमत पाहा, याच सुमारास, जुलै १९२१ मध्यें, टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस संयुक्त 'मानापमान' झालें. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर, आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगभूमीवर पाहावयास मुंबई लोटली. स्वतः ऋणांत असलेल्या माणसानें राष्ट्राच्या फंडासाठीं गावें, ही त्या नांवाची ऐट होती. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांतच वारले. मंडळीचें कर्ज पुढें कांहीं वर्षांच्या कष्टानें फिटलें, पण खर्चाची रीत बदलली नाहीं.

याहून कठीण पेंच पुढें होता. १९३२ सालीं मराठी बोलपट आला. १९३३ सालीं 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत सुशिक्षित स्त्रिया स्त्रियांच्या भूमिका करूं लागल्या, आणि पुरुषानें शालू नेसण्याचें प्रयोजनच संपत आलें. नारायणरावांनीं काळाची पावलें ओळखली नाहींत असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांनीं प्रभात कंपनीशीं भागीदारी केली आणि १९३५ सालीं व्ही. शांतारामांच्या 'धर्मात्मा' बोलपटांत ते संत एकनाथ झाले. बोलपटाचें नांव प्रथम 'महात्मा' होतें. सरकारी परिनिरीक्षकांनीं हरकत घेतल्यामुळें तें बदलावें लागलें. विषय अस्पृश्यतेचा, मोलाचा. वय सत्तेचाळीस, भूमिका पुरुषाची. विचार करतां सर्व कांहीं योग्य होतें. परंतु लोकांनीं या एकनाथाला आपलें म्हटलें नाहीं. ज्या माणसाला त्यांनीं पंचवीस-तीस वर्षें स्त्री म्हणून डोळ्यांत सांठविलें होतें, तो पुरुषासारखा दिसतो, हीच जणू त्याची चूक झाली. भागीदारी मोडली. नारायणराव रंगभूमीकडे परतले आणि उतरत्या वयांत, स्थूल झालेल्या देहावर, पुन्हां शालू चढवूं लागले. कांहीं प्रेक्षक डोळे मिटून गाणें ऐकत, असें सांगतात.

झाडीपट्टीच्या जुन्या दंडारींतही पुरुषच स्त्रीवेष घेऊन रात्रभर नाचत. परंतु तेथला कलावंत बहुधा शेतकरी किंवा मजूर. सकाळ झाली कीं त्यानें तोंडाचा रंग धुवावा, हंगाम सरला कीं शेताच्या कामाला लागावें. गांवांत त्याला जुन्याच नांवानें हांक मारणारीं माणसें असत. नारायणरावांना रंग धुतल्यावर परतावयास असें शेत राहिलें नव्हतें. पुढें गोहरबाई कर्नाटकी मंडळींत आल्या व नायिकेच्या भूमिका करूं लागल्या. त्या गायिका खऱ्या गुणी, गळा त्यांच्याच वळणाचा. या संबंधावरून समाजानें नारायणरावांना फार बोल लाविला. जुने चाहते दुरावले, तिकिटें खपेनाशीं झालीं. लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर, १९५१ सालीं, त्यांनीं गोहरबाईंशीं विवाह केला. अन्नदात्यांनीं नांव दिलें होतें, तसें त्यावर आपला हक्कही ठेविला होता, याचा अनुभव त्यांना या वेळीं जितका आला तितका पूर्वीं कधीं आला नसेल.

अखेरच्या वर्षांत पाय निकामी झाले. बसून भजन गावें, कोणी बोलावलें तर जावें, असे ते दिवस. सन्मान झाले, पण उशिरां. १९५५ सालीं संगीत नाटक अकादमीचा, १९६४ सालीं पद्मभूषण. त्याच १९६४ सालीं गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजीं पुण्यास नारायणरावांचें देहावसान झालें, तेव्हां त्यांचें वय एकोणऐंशी होतें आणि वर्तमानपत्रांनीं बालगंधर्व गेले म्हणून छापलें.

पुढल्या वर्षीं, २६ जून १९६८ रोजीं, त्यांच्या जन्मदिनीं, पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचें उद्घाटन झालें. तेथें चित्रकार गोपाळ देऊसकरांनीं रंगविलेलीं त्यांचीं दोन चित्रें आहेत. एक स्त्रीवेषांतलें, दुसरें पुरुषवेषांतल्या नारायणराव राजहंसांचें.