हरवलेला पिंगळा आणि हिवाळ्यातली पाखरं

नोव्हेंबर लागला की आपल्या वऱ्हाडात दोन कामं सोबतच सुरू होतात. शेतात कापसाची वेचणी लागते आणि तिकडं अमरावती-अकोल्याच्या पक्षिमित्रांची लगबग सुरू होते. शाळा-कॉलेजांत भाषणं होतात, पडद्यावर पाखरांचे फोटो दाखवतात, आणि रविवारी पहाटे गळ्यात दुर्बिणी अडकवलेली मंडळी तलावावर जाऊन बसतात. अमरावतीला वडाळीचा आणि छत्री तलाव, अकोल्याजवळ कापशीचा तलाव, ह्या त्यांच्या नेहमीच्या जागा. आमच्या गटात पहिल्यांदा हा विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाली, "पाखरं पाहाले सुट्टी काढून जातात काय वं? आपण त ते हाकलून हाकलून थकलो!" सगळ्या हसल्या. पण तिच्या बोलण्यात जो इतिहास आहे तो कोणत्याच पुस्तकात पुरता लिहिलेला नाही, म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी हा हिवाळ्याचा सोहळा आला कुठून ते सांगतो. महाराष्ट्रातले पक्षिमित्र १९८१ साली लोणावळ्याला पहिल्यांदा संमेलनाला जमले आणि 'महाराष्ट्र पक्षिमित्र' ही चळवळ सुरू झाली. त्याआधी पाखरांचा अभ्यास म्हणजे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं काम, अशी समजूत होती. ती संस्था १८८३ सालची, आणि तिचा कारभार बराच काळ इंग्रजीतच चालला. मराठीत बोलणारे, एसटीनं फिरणारे, मास्तर, कारकून, वनरक्षक ह्या वाटेला लागले ते नंतर. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळायचा निर्णय राज्य सरकारनं २०२० साली घेतला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा.

सलीम अलींचं नाव शाळेच्या पुस्तकातून पोरांना माहीत असतं. चितमपल्ली मात्र आपल्या जास्त जवळचे. जन्म सोलापूरचा, १९३२ सालचा; नोकरी वनखात्यात. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा करत ते आपल्या मेळघाटात आले आणि १९९० साली इथूनच निवृत्त झाले. त्यांचं मोठं काम आम्हाला वाटतं ते असं, की त्यांनी पाखरांची नावं रानातल्या माणसांना विचारली. ढीवर, गोंड, कोरकू, पारधी ह्यांच्या तोंडची नावं आणि माहिती त्यांनी वहीत उतरवून घेतली आणि मराठीत आणली. २००६ साली ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

आता पिंगळ्याची गोष्ट. ही आपल्या उशाशी घडलेली आहे.

गावात वडाच्या-चिंचेच्या ढोलीत राहतो तो लहानसा घुबडासारखा पक्षी, तो पिंगळा आपल्याला माहीत आहे. त्याच्याच नावावरून पहाटेला दारात येणारा पिंगळा जोशी आठवा. हातात कुडमुडं, खांद्यावर झोळी, पाखराची भाषा कळते म्हणून भविष्य सांगायचा. तर ह्या गावच्या पिंगळ्याचा एक रानातला भाऊ आहे, रानपिंगळा. १८७२ साली आजच्या छत्तीसगडच्या भागात ब्लेविट नावाच्या इंग्रजाकडून त्याचा एक नमुना मिळाला. पुढच्याच वर्षी अॅलन ह्यूम ह्यांनी त्याची शास्त्रात नोंद केली आणि ब्लेविटचं नाव पाखराला दिलं. हे ह्यूम म्हणजे तेच, ज्यांनी १८८५ साली काँग्रेस सुरू करण्यात पुढाकार घेतला. पाखरांचा त्यांना भारी नाद. पण सिमल्याच्या त्यांच्या घरातून वर्षानुवर्षांचं लिखाण कोणी नोकरानं उचललं आणि बाजारात रद्दीच्या भावात विकलं. मन विटलं, आणि ह्यूमनी सुमारे ८० हजार पाखरांचा आपला संग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. आमच्या गटाचं जुनं रजिस्टर असंच कोणी रद्दीत घातलं असतं तर काय झालं असतं, हे वाचताना आमच्या डोक्यात तेच आलं.

ह्या सगळ्या कागदांत पाखरांना नावं साहेबांची मिळाली. रानात वाट दाखवणारे, फासे लावणारे, झाडावर चढणारे आपल्याकडचेच लोक होते. त्यांची नावं शोधून सापडायची नाहीत.

पुढं जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं खानदेशात रानपिंगळे टिपले, शेवटचा १८८४ साली. त्यानंतर पाखरू गायबच झालं. वर्षं गेली, दशकं गेली. लोक शोधत राहिले, पण शोधत होते चुकीच्या जागी. कारण मधेच रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या एका बड्या इंग्रज कर्नलनं सांगून ठेवलं होतं, की मला हा पक्षी १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवीला मिळाला. त्याचा पुरावा म्हणून मेलेलं पाखरूही दाखवलं होतं. पामेला रासमुसेन ह्या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी तो नमुना बारकाईनं तपासला. आतला कापूस, टाके, चिठ्ठी, सगळं पाहिलं, आणि साहेबाचं बिंग फुटलं. त्यानं लंडनच्या संग्रहालयातलं डेव्हिडसनचंच पाखरू चोरलं होतं, उसवून पुन्हा शिवलं होतं आणि खोटी चिठ्ठी बांधली होती. टाका कोणाच्या हातचा आहे हे ओळखणारी बाई होती म्हणून हे उघडकीला आलं, असं आम्ही म्हणतो. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

खोटी चिठ्ठी बाजूला काढली, तेव्हा खऱ्या जागा उरल्या. रासमुसेनबाई, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघं १९९७ च्या नोव्हेंबरात भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळल्या, तिथं काही नाही. मग खानदेशात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, बिनपानाच्या झाडावर उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! नंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी ह्या आपल्या अभ्यासकांनी सातपुडा पालथा घातला, तेव्हा तो मेळघाटातही सापडला. आज मेळघाट हे त्याचं मोठं घर समजलं जातं. म्हणजे जग ज्याला संपलं म्हणत होतं, ते पाखरू आपल्या वरच्या डोंगरात सागाच्या शेंड्यावर बसून सरडे खात होतं. कोरकू बायांनी मोहफुलं वेचताना, सरपण आणताना त्याला किती वेळा पाहिलं असेल! त्यांना कोणी विचारलंच नाही.

त्याच १९९७ साली वान, नरनाळा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं जाहीर झाली. आपलं हिवरखेड ह्यांच्या पायथ्याशी. पूर्वी अकोल्याहून खंडव्याकडे जाणारी छोटी गाडी अकोट, हिवरखेड करत ह्याच जंगलात शिरायची. त्या गाडीच्या खिडकीतून मेळघाट पाहिलेल्या बाया गावात अजून आहेत.

पिंगळ्याचा खरा वैरी कोण, तर आपली भीती. घुबड घरावर बसलं की कोणी मरते, ते आपलं नाव ऐकून दगड झिजवते, असं आपण लहानपणापासून ऐकलं. त्यापायी ढोलीतली पिल्लं मारली जातात, करणी-तोडग्यासाठी घुबडं पकडली जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हा गुन्हा आहे, पण कायदा ढोलीपर्यंत पोचत नाही. गावचा पिंगळा रात्रभर किडे आणि उंदीर टिपतो. हरभऱ्याच्या वावरात उंदरांची बिळं मोजणाऱ्या बाईला ह्यापेक्षा जास्त काय सांगायचं?

आता भोरड्यांकडे येऊ, कारण पाखरं हाकलण्याचा इतिहास तो हाच. भोरडी म्हणजे पळसमैना. गुलाबी अंग, काळं डोकं. मध्य आशियातून, कझाकस्तानसारख्या देशांतून हे थवे पावसाळ्याच्या शेवटी आपल्याकडे येतात आणि उन्हाळा तापायच्या आत परत जातात. वऱ्हाडात जेव्हा घरोघरी ज्वारी होती तेव्हा कणीस भरलं की मळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, डबे बडवायचे. हे काम बहुतेक पोरीबाळींचं आणि म्हाताऱ्या बायांचं. कोणता थवा कधी येतो, कुठल्या झाडावर मुक्काम करतो, कोणत्या आवाजाला उठतो आणि कोणत्या आवाजाला भीक घालत नाही, हे त्यांना पाठ होतं. पुढं सोयाबीन आलं, कापूस वाढला, ज्वारी आटली. मळे गेले आणि मळ्यावरची ती विद्याही गेली. त्यांना कोणी पक्षिनिरीक्षक म्हटलं नाही, पण तीन-तीन महिने रोज पहाटेपासून पाखरांवर नजर ठेवणारं दुसरं कोण होतं?

आणि गंमत पाहा. हीच भोरडी तिच्या माहेरी टोळ खाते. चीनच्या शिंजियांग भागात टोळधाड आवरायला सरकारनं ह्या पाखरांसाठी मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून दिल्या. आपण जिला चोर म्हणतो, तिचं तिकडं असं स्वागत होतं.

हिवाळ्यात तलावांवर येणाऱ्यांत चक्रवाक आणि पट्टकदंब लडाख-तिबेटकडून येतात. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतो. नदीकाठी शेपटी वरखाली करत फिरणारा तो परीटही थंडीचाच पाहुणा. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची मोजणी होते, आपल्याकडे ती १९८७ पासून चालू आहे. स्वयंसेवक एकाच पंधरवड्यात आपापल्या तलावावर जातात, पाखरं मोजतात आणि कागदावर लिहितात. एवढंच काम. पण अशी मोजणी वर्षानुवर्षं झाली की कोणत्या धरणावर काय कमी झालं ते दिसतं. आपलं वारी भैरवगडचं वानचं धरण काही लांब नाही.

इथं एक बोलायलाच पाहिजे. ह्या सहली रविवारी पहाटे निघतात. ती वेळ शहरातल्या नोकरदाराला सोयीची. आपल्या बाया तेव्हा पाणी भरून, भाकरी टाकून वेचणीला निघालेल्या असतात, आणि वेचणीची मजुरी किलोवर आहे. सकाळ गेली की पैसा गेला. भाषणांना 'सर्वांना प्रवेश' असं लिहिलेलं असतं, ते खरंही असतं, पण 'सर्वांत' बाया किती दिसतात? पक्षिमित्रांचा हेतू वाईट नाही. फक्त त्यांना आपलं घड्याळ माहीत नाही, ते आपणच सांगायला हवं.

बाईनं हे काम केलं नाही असं मात्र नाही. जमाल आरा नावाच्या एक बाई बिहारच्या. शिक्षण दहावीपर्यंतच, पण छोटा नागपूरच्या जंगलात हिंडून पाखरांवर इतकं लिहिलं, की १९७० साली नॅशनल बुक ट्रस्टनं त्यांचं मुलांसाठीचं पक्षिनिरीक्षणाचं पुस्तक काढलं. आणि आसामात कामरूप जिल्ह्यात पूर्णिमादेवी बर्मन ह्यांनी तर गावातल्या बायांचीच फौज उभी केली. तिथला हरगिला हा मोठा बगळ्यासारखा, टकल्या, हाडं गिळणारा करकोचा. घाण करतो म्हणून लोक त्याची झाडं तोडायचे. पूर्णिमाबाईंनी बायांना जमवलं ते भाषण ठोकून नव्हे. पाखरं अंडी घालायच्या हंगामात त्यांनी हरगिल्याचं डोहाळजेवण केलं! ओटी भरतात तशी गाणी, खाणं, सगळं. मग हातमाग आणि सूत दिलं. बाया गमछ्यावर, साडीवर हरगिला विणू लागल्या आणि विकू लागल्या. आज हजारो बाया ह्या फौजेत आहेत. पूर्णिमाबाईंना २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा मोठा सन्मान मिळाला. बचत गटाला ह्याहून जवळचं उदाहरण आम्हाला तरी सापडलं नाही.

आपल्याकडेही अकोला-वाशीमच्या माळांवर फासेपारधी समाज आणि कारंज्याची 'संवेदना' संस्था मिळून तणमोर वाचवायला गवताची राखण करतात. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी ज्या समाजांवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली, त्यांत पारधीही होते, आणि १९५२ साली तो कायद्यातून पुसला तरी लोकांच्या मनातून गेला नाही. आज त्यांचंच ज्ञान माळावर कामाला येतं आहे. तणमोर मात्र पावसाळ्यातला. त्याच्यावर आषाढात बोलू.

ह्या हिवाळ्यासाठी आमच्या गटांनी ठरवलं ते असं. मासिक बैठक संपली की वेचणीतल्या जुन्या बायांना भोरड्यांची, पिंगळ्याची, तितर-लाव्यांची त्यांच्या तोंडची नावं विचारायची आणि पोरींनी ती वहीत लिहायची. आणि जानेवारीच्या मोजणीवाल्यांना कळवायचं, की दुपारी चारनंतर या, आम्ही सोबत येतो.

वर डोंगरात देवदर्शनाला किंवा नात्यात जाणं झालं, तर सकाळी आठ-नऊच्या उन्हात बिनपानाच्या झाडाच्या शेंड्याकडे पाहा. रानपिंगळा दिवसाढवळ्या बसतो, उन्हाला भीत नाही. डोकं मोठं वाटेल. डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतील तर तो आपला गावचाच पिंगळा. डोकं जवळजवळ एकरंगी करडं-तपकिरी आणि छातीवर गडद पट्टा असेल, तर तिथंच थांबा, दगड मारू देऊ नका कोणाला, आणि वनरक्षकाला सांगा.