यंत्राचा कान आणि उच्चारांचे प्रमाण

चेन्नईच्या दक्षिणेस समुद्रकाठी असलेल्या कोवलम या गावचा किल्ला १७५२ मध्ये क्लाइव्हने फ्रेंचांकडून जिंकला. तत्कालीन इंग्रजी लेखनात या गावाचे नाव 'कोव्हलाँग' असे आढळते. परकीयांच्या लेखणीत अंत्य 'म'कार लोपला. ऐकणारा आपल्याच भाषेच्या साच्यातून ऐकतो, याचे हे लहानसे उदाहरण होय. इंग्रजी शिकणाऱ्या परभाषिकांचे बोलणे ऐकण्याचे काम यंत्राकडे आले, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

या विद्याशाखेच्या उभारणीशी चेन्नईचा जवळचा संबंध आहे. येथील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेतलेले राज रेड्डी पुढे अमेरिकेत या क्षेत्राचे अध्वर्यू ठरले. त्यांच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील गटाने १९७६ मध्ये सिद्ध केलेली 'हार्पी' ही प्रणाली १,०११ शब्द ओळखत असे. १९८० नंतरच्या दशकात 'टिमिट' हा ध्वनिसंग्रह तयार झाला. त्यातील ६३० वक्ते अमेरिकन इंग्रजीच्या आठ बोली-प्रदेशांतील होते. संशोधनाचे प्रमाण अशा रीतीने एका देशाच्या उच्चारांवर बेतले गेले.

या प्रमाणाचे परिणाम शिक्षणात दिसू लागले. २००० मध्ये विट आणि यंग यांनी उच्चाराच्या यांत्रिक गुणांकनाची पद्धत मांडली. अपेक्षित ध्वनी आणि इतर संभाव्य ध्वनी यांची तुलना करून यंत्र प्रत्येक ध्वनीला गुण देते. गुण ठरावीक मर्यादेबाहेर गेला की उच्चार चुकीचा मानला जातो. आता मराठी विद्यार्थ्याचा 'टेबल' हा उच्चार घ्या. त्याचा आद्य ध्वनी मूर्धन्य व अल्पप्राण असतो; इंग्रजांचा वर्त्स्य व किंचित महाप्राण. ऐकणाऱ्याला अर्थ कळण्यात अडचण येत नाही. तरीही नमुने केवळ इंग्रज वा अमेरिकन वक्त्यांचे असतील, तर यंत्र त्याला दोष ठरवू शकते.

परभाषिकांच्या इंग्रजीचा 'एल-टू आर्क्टिक' हा संग्रह २०१८ मध्ये आला. त्यातील २४ वक्त्यांच्या सहा मातृभाषांत हिंदी होती, मराठी नव्हती. २०२३ मध्ये आयआयटी मद्रासमधील संशोधकांनी 'स्वरः' हा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात १९ राज्यांतील ६५ जिल्ह्यांच्या ११७ वक्त्यांचे ९.६ तासांचे इंग्रजी भाषण आहे. संग्रह लहान असला, तरी भारतीय उच्चारांपुढे यंत्रालाच परीक्षेस बसवणारा म्हणून तो महत्त्वाचा आहे.

हैदराबादच्या संस्थेतून १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी इतरांना कितपत समजते, हा प्रश्न विचारला होता. 'समजते का?' आणि 'नमुन्यासारखे आहे का?' हे दोन भिन्न प्रश्न आहेत. गुणांकनाच्या यंत्रांनी बहुधा दुसऱ्याचे उत्तर पहिल्याचे म्हणून दिले. परीक्षा आणि नोकरी यांचा निर्णय यंत्राच्या गुणांवर अवलंबून राहणार असेल, तर हा भेद विसरणे विद्यार्थ्याला महाग पडेल. म्हणून यंत्राने दिलेले गुण वाचण्यापूर्वी त्याचा कान कोणाच्या आवाजांवर घडला, हे विचारणे अगत्याचे आहे.