लुगड्याचे शेवटचे रूप : चांदूर रेल्वे परिसरातील घरगुती सुती फडकी

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास आजवर प्रामुख्याने बाजारपेठा, सरकी काढण्याचे कारखाने, रेल्वे आणि इंग्लंडमधील गिरण्या यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. त्याच कापसाचे घरात काय होत असे, आणि त्यातही भांडी पुसणे, अंग पुसणे, चूल सारवणे यांसाठी लागणारे कापड कोठून येत असे, हा प्रश्न मात्र अभ्यासकांनी क्वचितच विचारला आहे. हे दुर्लक्ष खटकण्याजोगे आहे, कारण ज्या घरात वर्षाला एखादेच नवे लुगडे येत असे त्या घरातही पुसण्याचे फडके रोज लागत असे. चांदूर रेल्वे हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सोयीचे आहे. जुन्या चांदूर तालुक्याची हद्द पूर्वेस वर्धा नदीपर्यंत होती, म्हणजे एका बाजूला वऱ्हाडचा काळ्या मातीचा कापूसपट्टा आणि नदीपलीकडे पुढे खादीच्या चळवळीचे केंद्र ठरलेला वर्धा जिल्हा, अशा दोन मुलखांच्या मध्ये तो वसलेला होता.

रेल्वे येण्यापूर्वी या भागात कापसाची बरीचशी कामे गावातच उरकत. पऱ्हाटीवरून, म्हणजे कापसाच्या झाडावरून, वेचलेल्या कापसातील सरकी हाताने फिरवायच्या लाकडी रेच्यावर काढली जाई, उरलेली रुई पिंजारी पिंजून देई, त्या पिंजलेल्या रुईचे पेळू, म्हणजे कातण्यासाठी वळलेल्या सैल गुंडाळ्या, घरातील बाया करीत आणि चरख्यावर त्यांचे सूत काढीत. हे सूत विणण्याचे काम मात्र घरातले नव्हते. कोष्टी, साळी आणि जाड्याभरड्या कापडापुरते महार विणकर ते करीत. कातणे घरात आणि विणणे मागावर, ही विभागणी पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण दोन सुयांवर किंवा आकड्यावर सूत गुंफून घरच्या घरी कापड तयार करण्याची रीत या मुलखात जुनी नाही. घरातील स्त्रीचा हात सुतापाशी थांबत असे, आणि कापड पुन्हा तिच्या हाती येई ते नेसून झाल्यावर, फाटू लागल्यावर.

1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे एवढा भाव चढला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून निघालेला फाटा चांदूर मागे टाकून 1867 साली नागपूरला पोहोचला. या काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त असलेल्या हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांचा हिशेब उघड होता : रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आत आले की गावचे कातणे-विणणे मागे पडेल, घरी वापरला जाणारा कापूस निर्यातीसाठी मोकळा होईल आणि त्या कामातील माणसे शेतमजुरीला मिळतील. बऱ्याच अंशी तसेच घडले. 1877 साली नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, शतक संपण्यापूर्वी बडनेरा आणि वर्धा नदीपलीकडील पुलगाव येथेही गिरण्या उभ्या राहिल्या, आणि ज्या स्थानकावरून कापसाच्या गाठी बाहेर जात त्याच स्थानकावर कापडाचे ठाण उतरू लागले. परिणामी चांदूरच्या परिसरातील घरांत कापूस दारी आणि कापड दुकानी अशी स्थिती आली; अंगणात कापसाचा ढीग असलेल्या कुटुंबालाही लुगडे रोख पैसे मोजूनच घ्यावे लागे.

अशा घरात नऊवारी लुगड्याचे आयुष्य फार लांब आणि ठरावीक पायऱ्यांचे असे. नऊ वार लांब आणि सुमारे सव्वा वार रुंद असलेले हे कापड बसण्या-उठण्याने मध्यभागी आधी विरत असे, म्हणून विरलेला भाग कापून टाकून दोन धड तुकडे मध्ये शिवण घालून जोडले जात. या जोडकामाला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडेही झिजले की त्याच्या घड्या एकावर एक ठेवून, धावदोऱ्याने टाके घालून वाकळ किंवा गोधडी शिवली जाई, मऊ पडलेल्या भागांतून बाळाची दुपटी आणि लंगोट निघत, काठ फाडून त्यांच्या नाड्या व बांधायच्या दोऱ्या होत. भाकरी गुंडाळून शेतात न्यायचे फडके, ताक किंवा काढा गाळायचे फडके, हात आणि ताट पुसायचे फडके ही यानंतरची पायरी होती, आणि त्यांच्यातही उतरंड असे : ज्या फडक्यात भाकरी बांधली जाते ते जमिनीला लागत नसे, आणि जे जमिनीला लागले ते पुन्हा चुलीवरच्या भांड्याकडे जात नसे. स्त्रियांच्या मासिक पाळीतील कापडही याच साखळीतून येई. ते धुऊन दुसऱ्या कपड्याखाली, नजरेआड वाळवावे लागे, आणि कापडाच्या इतिहासात या वापराची नोंदच सापडू नये ही त्या लपवण्याचीच परिणती आहे. सर्वांत शेवटी उरे ते पोतेरे, म्हणजे शेणाच्या अथवा पांढऱ्या मातीच्या पाण्यात बुडवून चूल आणि ओटा सारवण्याची चिंधी. पोतेरे झिजून त्याचे धागे सुटले तरी त्याचा पिळून काकडा करता येई, किंवा चिंधी जाळून तिची राख जखमेत भरली जाई.

या साखळीला केवळ गरिबीचे लक्षण मानणे चुकीचे ठरेल, कारण तिच्यामागे कापसाच्या गुणधर्माचे नेमके ज्ञान होते. कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणासारखा पातळ थर असतो आणि नव्या कापडाला मागावरची खळही लागलेली असते, त्यामुळे कोरे कापड पाणी टिपण्याऐवजी आधी ते झिडकारते. वर्षानुवर्षे राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात उकळून, दगडावर आपटून, उन्हात वाळवून जुने झालेले लुगडे हे मेण आणि ती खळ गमावून बसते आणि पाणी चटकन शोषून घेते. शिवाय सुती धागा ओला झाला की कोरड्यापेक्षा अधिक बळकट होतो, म्हणून विरलेले फडकेही पिळताना लगेच फाटत नाही. मागावरच्या कापडाचा आणखी एक फायदा असा की काठावर दातांनी किंवा विळीने एक चीर दिली की ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटते आणि कात्रीवाचून हव्या त्या मापाचे फडके मिळते. भांडी घासण्याला मात्र या फडक्यांचा उपयोग नव्हता. ते काम राख, माती आणि नारळाची शेंडी यांनी होई, आणि अंग घासायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी किंवा खरबरीत दगड पुरे. पुसण्याला सूत आणि घासण्याला राख, अशी कामाची वाटणी होती.

सुयांवरचे विणकाम महाराष्ट्रात आले ते एकोणिसाव्या शतकात, मिशनरी स्त्रियांच्या शाळांबरोबर. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार 1827 साली मुंबईत आल्या, आणि त्यांच्यासारख्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवणकामाला स्थान मिळाले. पुढे सरकारी आणि खासगी कन्याशाळांनीही शिवण व विणकाम हा मुलींचा विषय म्हणून स्वीकारला. युरोप-अमेरिकेत जाड सुती धाग्याने भांडी पुसायची चौकोनी फडकी घरी विणण्याची जी रीत रुजली, तिच्या सुलट आणि उलट टाक्यांची ओळख अशा रीतीने मराठी मुलींना झाली. सुलट टाक्यात नवा फास आधीच्या फासातून पुढच्या बाजूस ओढला जातो आणि उलट टाक्यात मागच्या बाजूस. तरीही ते फडके येथील स्वयंपाकघरात शिरले नाही. सुया लोकरीकडे वळल्या आणि त्यांतून स्वेटर, टोपडी व पायमोजे निघाले, तर सुती धागा आकड्याच्या सुईकडे, म्हणजे क्रोशाकडे गेला. साखळी, मुका खांब आणि खांब या टाक्यांनी गुंफलेली तोरणे, रुमाल आणि दुधाच्या भांड्यावर घालायची जाळी मराठी घरांत हौसेने होऊ लागली. त्या जाळीच्या कडेला वजनासाठी मणी ओवलेले असत, म्हणजे ती वाऱ्याने उडत नसे. हे सर्व काम झाकण्याचे आणि सजवण्याचे आहे, पुसण्याचे नाही, आणि या निवडीमागचे कारण सुताच्या हिशेबात आहे.

हा हिशेब खादीच्या काळाने अगदी स्पष्ट केला. विनोबा भावे 1921 साली वर्ध्यास आले, 1925 साली अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला, 1936 पासून गांधीजी सेवाग्रामला राहू लागले, आणि ऑक्टोबर 1937 मधील वर्धा शिक्षण परिषदेनंतर सूतकताई हा शाळेतील मूलोद्योग, म्हणजे ज्याच्या आधाराने इतर विषय शिकवायचे असा हस्तोद्योग, ठरला. टकळी, म्हणजे चकती लावलेली हातात फिरवायची चाती, अशा प्रकारे मुलांच्या दप्तरात आली. हातसुताचे माप असे : चार फुटांचा एक तार, 160 तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे 640 तारांची, एक गुंडी, अशा गुंडीत सुमारे 853 वार सूत बसते. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात 840 वारांच्या किती लडी मावतात तो आकडा, म्हणून 10 नंबरच्या जाडसर सुताची एक गुंडी साधारण 45 ग्रॅम भरते. सुयांवर विणलेले हातरुमालाएवढे एक जाड फडकेही जवळपास तितक्याच वजनाचे असते. याचा अर्थ असा की एका फडक्याला एक अख्खी गुंडी लागते, आणि चरख्यावर तासाला 300 ते 400 वार सूत काढणाऱ्या सरावाच्या हातालाही त्यासाठी दोन-तीन तास नुसते कातत बसावे लागते. टकळीवर तर याहून पुष्कळ अधिक. त्यानंतर एकेरी सूत सुईवर फार बारीक पडते आणि त्याला पीळ सुटण्याची खोड असते, म्हणून चार-सहा पदर एकत्र पिळावे लागतात, आणि मग कोठे विणायला सुरुवात होते.

ज्या घरात जुन्या लुगड्यातून फडके एका झटक्यात फाडून निघते, त्या घराने इतके श्रम ताट पुसण्यासाठी खर्च करावेत असे कोणी सुचवले असते तर ते अविचाराचेच ठरले असते. खास पुसण्यासाठी नवे कापड विणणे परवडते ते सूत अतिशय स्वस्त असेल तेव्हा, आणि घरगुती विणकामाची फडकी ज्या देशांत रूढ झाली तेथे जाड गिरणी-सूत दुकानात तयार मिळत होते. वऱ्हाडात स्वस्त सूत आणि स्वस्त कापड एकाच मालगाडीतून आले, त्यामुळे मधली पायरी कधी लागलीच नाही. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईत, 1943 पासून कापडावर आणि सुतावर नियंत्रण आले तेव्हाही, उत्तर नवे विणण्याचे निघाले नाही. दंड अधिक घातले गेले आणि लुगडे आणखी काही महिने नेसले गेले.

अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या गाडगे महाराजांनी (1876-1956) चिंध्यांची गोधडी अंगावर वागवली आणि हाती खराटा घेतला, आणि चांदूरपासून फार दूर नसलेल्या मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी ग्रामसफाई व ग्रामोद्योग यांचा एकत्रित प्रचार केला. या दोघांच्या कार्याकडे भक्तीच्या अंगाने पुष्कळ पाहिले गेले आहे. स्वच्छतेचे साधन गावातील टाकाऊतूनच निर्माण व्हावे हा त्यातील व्यवहार मात्र घरातील पोतेऱ्याच्या परंपरेशी थेट जुळणारा आहे, आणि तो अधिक अभ्यासास पात्र आहे.

कातण्याच्या कामापैकी घरात टिकून राहिले ते देवघरापुरते. बोटाला दूध किंवा राख लावून तळहातावर वळलेली तेलवात व फुलवात, आणि कापसाची पट्टी थोड्याथोड्या अंतरावर ओल्या चिमटीने पिळून, मधले फुगवटे तसेच ठेवून, हळदीकुंकवाची बोटे लावलेले वस्त्र, ही दोन्ही कामे चरख्याशिवाय होतात. चातुर्मासात लक्ष वातींचा नेम धरणाऱ्या स्त्रिया रुईतील सरकीचे कण, कचरा आणि आखूड तंतू वेगळे काढतात, तेव्हा त्या पिंजाऱ्याच्या आणि कातणारीच्या कामाचा पहिला टप्पाच पार पाडत असतात.

फडक्यांची जुनी साखळी तुटली ती कृत्रिम धाग्याने. 1970 नंतरच्या दशकांत नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. त्या टिकाऊ होत्या, लवकर वाळत होत्या, आणि दिवसभर राबणाऱ्या स्त्रीचे धुण्याचे कष्ट त्यांनी खरोखर कमी केले. पण या साड्या पाणी टिपत नाहीत, गरम भांड्याला लागल्या तर वितळतात आणि कितीही जुन्या झाल्या तरी मऊ पडत नाहीत. जुन्या साड्या भांड्यांच्या बदल्यात देण्याचा व्यवहारही याच सुमारास वाढला, म्हणजे कापड पोतेरे होण्याआधीच घराबाहेर जाऊ लागले. पुसण्याचे कापड विकत घेण्याची वेळ अशी प्रथमच आली : चौकडीचे रुमाल, पंचे, आणि ज्याच्या दोन्ही अंगांना धाग्याचे फास उभे राहतात तो सोलापूरचा टर्किश टॉवेल.

तरीही सुयांच्या टाक्यांनी विणलेले सुती फडके वऱ्हाडी घरात अखेर आले, फक्त ते कोणी हाताने विणलेले नव्हते. पुरुषांचे बनियन हे मागावरचे कापड नसते. त्यात यंत्राच्या शेकडो बारीक सुया एका धाग्याचे फास एकमेकांत ओवतात, आणि शाळेत मुलींना शिकवलेला सुलट टाकाच त्या यंत्रात चालतो. अशा कापडाला चीर दिली तर ते सरळ फाटत नाही, कापलेली कड आत गुंडाळली जाते, सैल फासांमुळे ते ताणले जाते आणि आपल्या आकारमानाच्या मानाने पुष्कळ पाणी धरून ठेवते. बगलेत विरलेले बनियन म्हणूनच आज चांदूरच्या घराघरांत कात्रीने उभे कापून ओट्यावर, सायकल-मोटारसायकलवर आणि खिडक्यांच्या काचांवर फिरवले जाते, आणि नेसून-घालून झालेल्या कपड्याच्या शेवटच्या पायरीवर लुगड्याच्या जागी आता तेच उभे आहे.