सन १८७० आणि जबलपूरचा सांधा

एखादे साल घेऊन त्यातील जगभरच्या घडामोडी एका ओळीत मांडण्याची प्रथा शकावलीकारांनी रूढ केली. सन १८७० ची शकावली साधारणतः अशी असते : जुलैत फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध जुंपले, सप्टेंबरच्या आरंभी सेदान येथे तिसरा नेपोलियन शरण गेला व पॅरिसमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली, २० सप्टेंबरला इटलीच्या सैन्याने रोम घेतले. या यादीत जबलपूरचे नाव क्वचितच आढळते. वास्तविक त्याच वर्षी मार्च महिन्यात मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे यांचे रूळ जबलपूरला एकमेकांस मिळाले. समारंभास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ एडिंबरो उपस्थित होते.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे एवढ्याच अंतरावर सुरू झालेला लोहमार्ग सतरा वर्षांत, थळचा दुर्घट घाट ओलांडून, येथवर पोहोचला होता. त्याच सुमारास अमेरिका खंड ओलांडणारा लोहमार्ग मे १८६९ मध्ये आणि सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला होता. पृथ्वीप्रदक्षिणेच्या साखळीतील जी कडी उरली होती, ती जबलपूरला बसली. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेले, आणि पुढे युरोपीय वाचकांस ठगांच्या हकीकतींमुळेच परिचित झालेले हे नर्मदेकाठचे शहर आता जगाच्या वेळापत्रकात आले.

वाङ्मयाने या घटनेची नोंद घेतली, पण चमत्कारिक रीतीने. जूल व्हर्नची ऐंशी दिवसांतील पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी १८७२ च्या अखेरीस क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या नायकाची पैज भारतातील लोहमार्ग पूर्ण झाल्याच्या वर्तमानपत्री बातमीवर उभी आहे. परंतु कथेत तो मार्ग अपुराच निघतो आणि नायकाला हत्तीवरून जावे लागते. प्रत्यक्षात तो तुटलेला भाग दोन वर्षांपूर्वीच जोडला गेला होता. मग लेखकाने तो का राखला? आगगाडी न थांबती तर हत्ती आला नसता, रान आले नसते, सतीच्या चितेवरून तरुणीची सुटकाही झाली नसती. वाफेच्या वेगाचे कौतुक करणाऱ्या ग्रंथालाच पूर्वेची अद्भुतता टिकविण्यासाठी रुळांतील ही फट आवश्यक वाटली. भूगोलातली फट बुजली तरी कल्पनेतली बुजली नाही.

तारायंत्राची गोष्ट याहून निराळी नाही. १८७० मध्येच समुद्रतळाची तार सुएझ व एडनमार्गे मुंबईस पोहोचली. त्याच उन्हाळ्यात बिस्मार्कने एम्स येथून आलेल्या तारेचा मजकूर कापून प्रसिद्ध केला आणि युद्धाची ठिणगी पडली. बातमी वेगाने जाते म्हणजे ती खरी जाते, असे नव्हे, हा धडा जगाला प्रारंभीच मिळाला होता.

याच वर्षी २ एप्रिलला पुण्यात सार्वजनिक सभेची स्थापना झाली. गणेश वासुदेव जोशी यांनी तिच्यासाठी सह्यांची मुखत्यारपत्रे गोळा केली. लोकांच्या वतीने बोलणाऱ्याने लोकांकडून तसा अधिकार घेतला पाहिजे, हे तत्त्व येथे कागदावर उतरले. सेदानच्या तोफांपुढे ही घटना लहान दिसते. परंतु ज्या रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी भारताच्या महसुलातून दिली गेली होती, त्या महसुलाचा जाब विचारण्याचे सामर्थ्य अशाच सभांतून पुढे निर्माण व्हावयाचे होते. जबलपूरच्या समारंभाचा खर्चाचा रकाना वाचावयाचा तर पुण्याची ही मुखत्यारपत्रेही त्याबरोबर वाचावी लागतात.

‘जगातील ठळक घटना’ ही पदवी घटनेच्या अंगभूत मोठेपणावरून मिळते, हा समज म्हणून तपासून पाहिला पाहिजे. पुष्कळदा तार कोणाच्या हाती होती, यावरूनच ती ठरते. एका सालाचा इतिहास लिहिणाऱ्याने घटनांची रांग लावून थांबू नये. दोन घटनांचे रूळ जेथे मिळतात, ते स्थान त्याने शोधावे. सन १८७० पुरते ते स्थान जबलपूर आहे.