देवीच्या हातातले महाळुंग

कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या चार हातांत गदा, ढाल आणि पानपात्र यांच्याबरोबर एक फळही आहे. ते महाळुंग होय. संस्कृतात त्यास मातुलुंग म्हणतात. बेळगाव-निपाणीकडून येणारा भाविक त्या मूर्तीपुढे हात जोडतो. परंतु घरी परतल्यावर त्याच्या पानात मिठाशेजारी फोड वाढली जाते ती लिंबाची. कुळाचा मूळ पुरुष देवळात आणि वंशज स्वयंपाकघरात, अशी ही वाटणी झाली आहे.

मूळ पुरुष हा येथे केवळ अलंकार नव्हे. या वर्गातील झाडांच्या आनुवंशिक घटकांचे संशोधन २०१६ व २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून असे दिसून आले की, कागदी लिंबाचा पिता महाळुंग असून माता फिलिपाइन्सकडील एक रानटी जात आहे. युरोपातील लांबट पिवळे लिंबू हे महाळुंग आणि कडू नारिंग यांची संतती. खडबडीत सालीच्या जंबेरीचा पिताही महाळुंगच. आणि नागपुरी संत्र्याची कलमे याच जंबेरीच्या खुंटावर बांधली जातात.

मग महाळुंग स्वयंपाकघरातून मागे का पडले? त्याची साल जाड, आतला पांढरा गर भरपूर आणि रस मात्र थोडा. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने नमूद केले आहे की, हे फळ खात नाहीत, पण त्याच्या सुवासाने कपड्यांना कसर लागत नाही. आपल्याकडे चरकसंहितेने त्यास शूल, अरुची, उचकी आणि वांती यांवरील औषधांत स्थान दिले. खाद्य म्हणून पाहता त्याच्या सालीचा पाक तेवढा उरला.

कागदासारख्या पातळ सालीचे रसाळ लिंबू मात्र घरोघरी शिरले. इंदुरात पोह्यांवर ते पिळतात, बेळगावात चित्रान्नात घालतात, हैदराबादेत तेलुगू शेजाऱ्यांच्या पुळिहोऱ्यातही ते असते. गोव्यात आमटी-हुमणाचा आंबटपणा सोले, चिंच वा बिंबले यांच्याकडे; लिंबू येते ते मासळी तळण्यापूर्वी तिला मिठाबरोबर चोळण्यासाठी. भांडे चुलीवरून उतरल्यावरच लिंबू पिळावे, नाहीतर त्याचा वास उडतो, हा नियम सर्वत्र सारखाच. जाड सालीचे ईडलिंबू लोणच्याचे. मिठात मुरता मुरता त्याची साल मऊ होते आणि कडवटपणा ओसरतो.

या साऱ्या गोतावळ्यात महाळुंगाचे झाड परसात क्वचितच दृष्टीस पडते. ज्या फळाने इतक्या घरांना आंबट चव दिली, ते केवळ पाषाणमूर्तीच्या हातात उरावे, हे उचित नव्हे. जतनासाठी फार खटाटोपही लागत नाही. महाळुंगाची फांदी पावसाळ्यात ओल्या मातीत रोवली, तरी ती सहज मूळ धरते.