बॅकअप-अपयशाचा खुला अहवाल

बॅकअप निकामी ठरून डेटा गेल्यावर काय घडले, काय वाचले आणि कशामुळे, याची संबंधित संस्थेने स्वतः लिहून सर्वांसाठी खुली केलेली हकिगत.

सर्वांत शिकवणारा नमुना गिटलॅबचा. प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेसच पुसायला घेतला. हात आवरेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअप शोधायला गेले, तर ती जागा रिकामी! डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ वर होता आणि प्रत काढणारे साधन ९.२ चे, त्यामुळे प्रत निघतच नव्हती. बिघाडाची सूचना देणारे ईमेलही पडताळणीत अडकून परत जात होते. तारले ते एका स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाबेसच्या त्या क्षणाच्या प्रतीने. सहा तास आधी, वेगळ्याच कामासाठी, तो त्याच अभियंत्याने हाताने घेतला होता. तरीही सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच प्रतिक्रिया आणि सातशे नवी खाती गेली.

कंपनीने दुरुस्ती चालू असतानाच टिपणे खुली केली, यूट्यूबवर काम थेट दाखवले. पुढच्या सविस्तर अहवालात अभियंत्याचे नाव दिले नाही. हे फार मोलाचे: माणसाला शिक्षा होणार असेल, तर खरी हकिगत बाहेर येत नाही.

काय गेले आणि काय संशयित आहे हे उघड नोंदवण्याची ही रीत वऱ्हाडात जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव परंपरेनुसार मूळ पोथी परचक्रात नष्ट झाली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. आठवणी जुळेनात तेव्हा त्यांनी एकच मजकूर खरा ठरवून बाकीचे गाडले नाहीत. हिराइसासारख्या स्मरणकर्त्यांच्या नावानिशी वेगळे पाठ टिपले, मतभेद ‘वासना’ म्हणून पोथीतच ठेवले. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांना पुढे पोथ्या ताडून पाहता आल्या, त्या या प्रामाणिकपणामुळे.

अमरावती-अकोल्यातील महाविद्यालय, पतसंस्था किंवा दवाखान्याने असा अहवाल लिहिताना शेवटची प्रत कधी निघाली एवढ्यावर थांबू नये. त्या प्रतीतून डेटा परत उभा करून शेवटचा कधी पाहिला, प्रती एकाच इमारतीत होत्या का आणि कोणत्या नोंदी अजून संशयित आहेत, हेही त्यात यावे.