पदिम (इंग्रजी शब्दघडण)

भाषेतील सर्वांत लहान अर्थवाहक घटकाला पदिम किंवा रूपिम म्हणतात. त्याची आणखी फोड केली, तर नुसते ध्वनी उरतात. इंग्रजी ‘अनहॅपीनेस’मध्ये तीन पदिम आहेत : नकारवाचक ‘अन’, मूळ शब्द ‘हॅपी’ आणि भाववाचक नाम करणारा ‘नेस’. ‘हॅपी’ स्वतंत्रपणे वापरता येतो, म्हणून तो मुक्त. उरलेले दोन बद्ध. शब्दाच्या लांबीवरून पदिम ठरत नाहीत : ‘क्रॉकडाइल’मध्ये एकच पदिम आहे, छोट्याशा ‘कॅट्स’मध्ये दोन.

रूपे चालवणारे प्रत्यय इंग्रजीत साधारणपणे आठच मानतात आणि ते सर्व शब्दाच्या शेवटी लागतात. नवे शब्द घडवणारे उपसर्ग व प्रत्यय मात्र पुष्कळ आहेत. त्यांच्या क्रमालाही अर्थ असतो. ‘अनलॉकेबल’मध्ये ‘अन’ आधी ‘लॉक’ला जोडला, तर ‘कुलूप उघडता येण्याजोगे’. ‘लॉकेबल’ला जोडला, तर ‘कुलूप लावता न येण्याजोगे’.

एकच पदिम वेगवेगळ्या उच्चारांत येतो. अनेकवचनाचा प्रत्यय ‘कॅट्स’मध्ये ‘स्’, ‘डॉग्ज’मध्ये ‘झ्’, तर ‘हॉर्सेस’मध्ये ‘इझ्’ असा उच्चारला जातो. जीन बर्को यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ सांगितले. मग तसेच दोन प्राणी दाखवले. बहुतेक मुलांनी अचूक ‘वग्ज’ म्हटले. हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला असणे शक्यच नव्हते; म्हणजे मुले केवळ पाठांतराने नव्हे, तर नियम आत्मसात करून बोलतात. या विषयातला इतका साधा आणि इतका निर्णायक पुरावा विरळाच.

व्याख्येत मात्र एक अडचण आहे. ‘परमिट’, ‘सबमिट’, ‘ॲडमिट’ यांतील ‘मिट’ला आजच्या इंग्रजीत निश्चित अर्थ सांगता येत नाही. तरीही नाम होताना तो सगळीकडे सारखाच बदलतो : परमिशन, सबमिशन, ॲडमिशन. यावरून मार्क ॲरोनॉफ यांनी 1976 मध्ये असे मांडले, की पदिम ओळखायला अर्थ हीच एक कसोटी पुरेशी नाही.

बोलणारे लोक शब्दांची फोड आपल्या पद्धतीनेही करतात. ‘हॅम्बर्गर’ हा हॅम्बुर्ग शहराच्या नावाला ‘अर’ लागून बनलेला शब्द. लोकांनी तो ‘हॅम’ आणि ‘बर्गर’ असा तोडला. सुट्या झालेल्या ‘बर्गर’पासून पुढे ‘चीजबर्गर’ घडला.